क्रेडिटांची कुळकथा : प्राध्यापकांचे पेन्शन आणि नववीचा अर्ज

#धागा #शिक्षणाचा_इतिहास

भारत सरकारच्या २०२३ च्या राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एक लहानसा हिशेब आहे. वर्षभराचे अध्ययन १२०० तासांचे मानावे आणि त्यास ४० श्रेयांक, म्हणजे क्रेडिट, द्यावेत. एका क्रेडिटामागे ३० तास. महाविद्यालयांना हा प्रकार आता परिचयाचा झाला आहे. पण आराखड्याने शालेय इयत्ताही याच चौकटीत आणल्या आहेत. तेव्हा आज ना उद्या आपल्याकडच्या नववीतल्या मुलालाही ‘तुझी क्रेडिटे किती झाली?’ असे कोणीतरी विचारील.

ज्ञान तासांत मोजावे, ही कल्पना मुळात आली कोठून? एखाद्या शिक्षणतज्ज्ञाच्या चिंतनातून आली असावी, असा आपला स्वाभाविक समज असतो. प्रत्यक्षात ती वृद्ध प्राध्यापकांच्या पेन्शनीच्या अटीतून आली. आजच्या धाग्यात ही कुळकथा पाहू. ती सारी अमेरिकेत घडली आहे, आणि तिच्या केंद्रस्थानी हायस्कुलात नुकतेच पाऊल ठेवणारे चौदा वर्षांचे मूल आहे.

१८९० च्या सुमारास अमेरिकेतील सार्वजनिक हायस्कुलांत जेमतेम दोन लाख मुले शिकत होती. हायस्कूल म्हणजे नेमके काय, यावर कोणाचेच एकमत नव्हते. कोठे दोन वर्षांचा अभ्यासक्रम, कोठे चार वर्षांचा. प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या अटी निराळ्या. एकास लॅटिनचा अमुक ग्रंथ हवा, तर दुसऱ्यास ग्रीक व्याकरण. एकाच वर्गातील चार मुलांना चार महाविद्यालयांत जायचे असेल तर मुख्याध्यापकाने चार प्रकारची तयारी करून घ्यायची. बिचारा मुख्याध्यापक!

हा गोंधळ निस्तरण्यासाठी राष्ट्रीय शिक्षण संघटनेने १८९२ मध्ये एक समिती नेमली. इतिहासात ती ‘दहांची समिती’ म्हणून ओळखली जाते. अध्यक्ष होते हार्वर्डचे चार्ल्स एलियट. हार्वर्डमध्ये विद्यार्थ्याला स्वतःचे विषय स्वतः निवडू देण्याची पद्धत रुजवणारे ते हेच. समितीने नऊ विषयगट केले, प्रत्येकात दहा जाणकार बसवले, आणि पुढच्याच वर्षी आपला अहवाल सादर केला. त्यात हायस्कुलासाठी चार नमुना अभ्यासक्रम होते : एकात लॅटिन-ग्रीकवर भर, एकात लॅटिन आणि विज्ञान, एकात आधुनिक भाषा, तर एकात इंग्रजी.

परंतु अहवालाचा गाभा या चार तक्त्यांत नव्हता. एखादा विषय शाळेत शिकवला जात असेल, तर तो शिकणाऱ्या प्रत्येक मुलाला सारख्याच रीतीने आणि सारख्याच खोलीने शिकवावा. ते मूल पुढे विद्यापीठात जाणार की दुकानात बसणार, याचा विचार शिकवताना करू नये, असे समितीने निक्षून सांगितले होते. या समितीला उच्चभ्रू ठरवून झोडपण्याची प्रथा आहे. मला ती अन्यायकारक वाटते. तिची विषययादी जुन्या वळणाची होती, हे खरे. पण चौदा वर्षांच्या मुलाचे भविष्य शाळेने आधीच ठरवून टाकू नये, हे म्हणण्याचे धाडस तिने केले होते.

ते धाडस टिकले नाही. मानसशास्त्रज्ञ जी. स्टॅन्ली हॉल यांनी १९०४ मध्ये समितीवर कठोर टीका केली. हायस्कुलात येणाऱ्या बहुसंख्य मुलांची तेवढी कुवतच नसते, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. एलियट यांनी त्याला उत्तरही दिले. पण १९०८ मध्ये, औद्योगिक शिक्षणाचा पुरस्कार करणाऱ्यांच्या सभेत बोलताना, खुद्द एलियटच म्हणाले की प्राथमिक शिक्षकांनी मुलांची त्यांच्या संभाव्य भवितव्यानुसार वर्गवारी करावी! पुढे त्यांनी हे विधान सौम्य केले. परंतु वारा कोणत्या दिशेने वाहत होता ते त्यावरून कळते. १९१० पर्यंत सार्वजनिक हायस्कुलांतील पट नऊ लाखांच्या वर गेला होता. कामगारांची, स्थलांतरितांची, शेतकऱ्यांची मुले आता या शाळांत येत होती.

याच काळात पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी रंगमंचावर येतात. ते कॉर्नेल विद्यापीठाचे विश्वस्त होते. आयुष्यभर विद्यादान करणाऱ्या प्राध्यापकांचे पगार किती तुटपुंजे आहेत, आणि म्हातारपणी त्यांना आधार कसा नसतो, हे पाहून ते अस्वस्थ झाले. १९०५ मध्ये त्यांनी एक कोटी डॉलर बाजूला काढले आणि महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या निवृत्तिवेतनासाठी एक प्रतिष्ठान स्थापन केले. एमआयटीचे अध्यक्ष हेन्री प्रिचेट त्याचे पहिले प्रमुख झाले.

पहिल्याच दिवसापासून अडचण उभी राहिली. ‘महाविद्यालय’ म्हणायचे कोणाला? त्या काळी अमेरिकेत कोणीही एखाद्या इमारतीवर तशी पाटी लावू शकत असे. नावाला महाविद्यालय आणि आत शिकवतात शाळेचे धडे, अशा संस्था कितीतरी होत्या. त्या सगळ्यांच्या शिक्षकांना पेन्शन देणे शक्य नव्हते. म्हणून प्रतिष्ठानाने अटी घातल्या. किमान सहा पूर्णवेळ प्राध्यापक असावेत, चार वर्षांचा अभ्यासक्रम असावा, ठरावीक निधी गाठीशी असावा, कोणत्याही धर्मपंथाची संस्थेवर सत्ता नसावी. आणखी एक अट होती : प्रवेश घेणाऱ्या विद्यार्थ्याने चार वर्षांचे हायस्कूल पुरे केलेले असावे, आणि ते १४ ‘युनिट’मध्ये मोजता यावे.

युनिट म्हणजे एक विषय, आठवड्याला पाच तासिका, वर्षभर. १९०९ च्या सुमारास ही व्याख्या पक्की होत गेली : साठ मिनिटांचा एक असे सुमारे १२० तास. त्यालाच पुढे ‘कार्नेगी युनिट’ हे नाव पडले. प्रतिष्ठानाने ही कल्पना शून्यातून काढली नव्हती. १८९९ मध्येच शिक्षण संघटनेच्या दुसऱ्या एका समितीने परकीय भाषांचे चार, गणिताचे दोन, इंग्रजीचे दोन, इतिहासाचा एक, विज्ञानाचा एक असा हिशेब मांडला होता. पण समितीची शिफारस निराळी आणि पेन्शनीची अट निराळी. शिफारशीकडे दुर्लक्ष करता येते. ज्या महाविद्यालयाच्या साठी ओलांडलेल्या प्राध्यापकांना फुकट निवृत्तिवेतन मिळण्याची संधी होती, ते अटीकडे दुर्लक्ष कसे करणार? काही महाविद्यालयांनी तर त्यासाठी आपल्या चर्चशी असलेले जुने नातेही तोडले. तेथे प्रवेशाचे नियम बदलणे ही फारच किरकोळ गोष्ट होती. आणि महाविद्यालयांनी प्रवेश युनिटांत मोजायचे ठरवल्यावर देशभरच्या हायस्कुलांना आपले वेळापत्रक युनिटांत मांडावेच लागले.

हे मोजमाप अध्ययनाचे नाही, केवळ वेळेचे आहे, हे प्रतिष्ठानाला ठाऊक होते. पण कालमापनाची गोडी लागली की ती सुटत नाही. १९१० मध्ये याच प्रतिष्ठानासाठी मॉरिस कुक नावाच्या अभियंत्याने एक अहवाल लिहिला. कारखान्यातील कामगारांच्या हालचाली घड्याळ लावून मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलर यांचे ते अनुयायी. विद्यापीठाचा खर्च आणि उत्पादन मोजण्यासाठी त्यांनी एकक सुचवले ते ‘विद्यार्थी-तास’.

यातला विरोधाभास असा की ज्या पेन्शनीसाठी हा सारा खटाटोप झाला ती फार काळ टिकली नाही. फुकट निवृत्तिवेतनाचा भार झेपेना, म्हणून १९१८ मध्ये प्रतिष्ठानाला वर्गणीवर चालणारी स्वतंत्र विमासंस्था काढावी लागली. पेन्शन गेली, अट राहिली.

या अटीचा एक परिणाम तिच्या कर्त्यांच्या ध्यानीमनीही नसावा. युनिट हे चलनी नाणे आहे. ते एकदा हाती आले की प्रत्येक विषय त्यात मोजता येतो, आणि मोजता आला की तो दुसऱ्या कोणत्याही विषयाशी सममूल्य ठरतो. लॅटिनचे एक वर्ष, टंकलेखनाचे एक वर्ष, सुतारकामाचे एक वर्ष : पदविकेच्या दृष्टीने प्रत्येकी एक. १९१७ च्या कायद्याने केंद्र सरकारचा पैसा व्यवसायशिक्षणाकडे वळला. १९१८ च्या एका प्रसिद्ध अहवालाने माध्यमिक शिक्षणाची सात उद्दिष्टे सांगितली. त्यांत आरोग्य होते, कुटुंबजीवन होते, फावल्या वेळेचा सदुपयोगही होता. एकाच छपराखाली सर्व प्रकारच्या मुलांसाठी सर्व प्रकारचे विषय, असे ‘सर्वसमावेशक’ हायस्कूल आकाराला आले. विषयांची यादी वाढत गेली आणि निवड करून देणाऱ्या माणसाची गरज भासू लागली. मिशिगन राज्यातील ग्रँड रॅपिड्स येथे जेसी डेव्हिस या मुख्याध्यापकाने १९०७ पासून शाळेतच व्यवसाय-मार्गदर्शन सुरू केले. आजच्या शालेय समुपदेशकाचे मूळ तेथे सापडते.

मूल नववीत आले की त्याच्यासमोर विषयांचा तक्ता आणि समोरच्या खुर्चीत समुपदेशक, हे दृश्य येथून पुढे अमेरिकेत कायमचे झाले. कागदावर निवड मुलाची होती. प्रत्यक्षात ती कोणाची होती?

त्याकडे वळण्यापूर्वी एका विलक्षण प्रयोगाविषयी सांगितलेच पाहिजे, कारण तो अन्यायाने विस्मरणात गेला आहे. १९३० च्या दशकात प्रगतिशील शिक्षण संघटनेने सुमारे तीस शाळा निवडल्या आणि तीनशेहून अधिक महाविद्यालयांकडून कबूल करून घेतले की या शाळांच्या विद्यार्थ्यांना युनिटांचा हिशेब विचारला जाणार नाही. शाळांनी आपापल्या पद्धतीने शिकवले. मग या शाळांतून आलेल्या १४७५ विद्यार्थ्यांची प्रत्येकी एका तुल्य विद्यार्थ्याशी जोडी लावून महाविद्यालयातील त्यांच्या प्रगतीची तुलना करण्यात आली. वय, लिंग, बुद्धिमापन, घरची परिस्थिती, सारे शक्य तितके जुळवलेले. मूल्यमापनाचे काम राल्फ टायलर यांच्याकडे होते. युनिटमुक्त शाळांतली मुले कोठेच मागे नव्हती. बहुतेक बाबतींत किंचित पुढेच होती. या ‘आठ वर्षांच्या अभ्यासा’चा वृत्तान्त १९४२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्या वर्षी अमेरिका महायुद्धात होती. कोण वाचणार?

युद्धानंतर रशियाचा स्पुटनिक आकाशात गेला आणि अमेरिका खडबडून जागी झाली. १९५८ च्या राष्ट्रीय संरक्षण शिक्षण कायद्याने गुणवान मुले हेरण्यासाठी चाचण्या आणि समुपदेशक यांना निधी दिला. हार्वर्डचे माजी अध्यक्ष जेम्स कॉनंट यांनी १९५९ मध्ये हायस्कुलांचा आढावा घेताना दर २५० ते ३०० विद्यार्थ्यांमागे एक पूर्णवेळ समुपदेशक हवा असे म्हटले. आज तेथील समुपदेशकांची राष्ट्रीय संघटना २५० चेच प्रमाण सांगते, आणि असंख्य शाळा आजही त्यापासून दूर आहेत.

आता तो प्रश्न. राजधानी वॉशिंग्टनमधील शाळांतला कायदेशीर वर्णभेद १९५४ मध्ये संपला. दोनच वर्षांनी तेथील हायस्कुलांत चार प्रवाहांची पद्धत आली : सर्वांत वर ‘ऑनर्स’, मग महाविद्यालयाची तयारी, मग सर्वसाधारण, आणि तळाशी ‘मूलभूत’. मूल कोणत्या प्रवाहात जाईल हे बव्हंशी चाचण्यांवर ठरे. ज्युलियस हॉब्सन या कृष्णवर्णीय कार्यकर्त्याने न्यायालयात धाव घेतली. १९६७ मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी निकाल दिला की या चाचण्या मुख्यतः गोऱ्या मध्यमवर्गीय मुलांच्या मापाने बेतलेल्या आहेत, त्यामुळे गरीब व कृष्णवर्णीय मुले तळाच्या प्रवाहांत लोटली जातात, आणि एकदा गेली की तेथून वर येत नाहीत. ही पद्धत रद्द करावी. दहांच्या समितीने जे करू नका म्हटले होते, ते पाऊणशे वर्षांनी न्यायालयाला बंद करावे लागले.

प्रवाहांची नावे पुढे अनेक ठिकाणी गेली, पण उतरंड गेली नाही. तिने आता विषयांच्या क्रमात घर केले, आणि गणितात ती सर्वांत स्पष्ट दिसते.

महाराष्ट्रात नववी-दहावीला बीजगणित आणि भूमिती ही भावंडे एकत्र नांदतात : गणित भाग १ आणि भाग २. अमेरिकेच्या बहुतेक शाळांत तसे नाही. एक पूर्ण वर्ष बीजगणित, पुढचे पूर्ण वर्ष भूमिती, मग पुन्हा वरचे बीजगणित, मग कॅल्क्युलसची पूर्वतयारी, मग कॅल्क्युलस. पायऱ्या पाच, हायस्कुलाची वर्षे चार. बारावीत कॅल्क्युलस घ्यायचे असेल तर पहिली पायरी आठवीतच चढलेली असायला हवी. आणि आठवीतल्या त्या वर्गात कोणाला घ्यायचे हे सहावी-सातवीच्या गुणांवरून ठरते. पुण्याहून न्यू जर्सीला गेलेल्या मराठी पालकांना हा जिना प्रथम चक्रावून टाकतो. त्या राज्यात पदवीसाठी किमान १२० क्रेडिटे लागतात, वर्षभराच्या एका विषयाला साधारण पाच. त्यांत गणिताची १५, म्हणजे तीन वर्षांची. टेक्ससमध्ये वर्षाच्या विषयाला एकच क्रेडिट, आणि विशेष प्रावीण्यासह बेरीज २६. आकडे पाहून घाबरू नये, नाणे तेच आहे. मात्र १२० ची बेरीज पुरी होणे आणि जिना चढणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तक्त्यावर कोठेच छापलेले नसते. ज्यांच्या घरी किंवा ओळखीत कोणी आधी चढून गेलेले असते, त्यांना ते कळते. आपल्या मंडळींत ही माहिती महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत एका पंगतीत हातोहात पोहोचते. पण प्रत्येक समाजाला असा गणपती नसतो.

बॉब मोझेस यांना हे नेमके उमगले. १९६० च्या दशकात मिसिसिपीमध्ये जिवावर उदार होऊन कृष्णवर्णीयांची मतदारनोंदणी करणारा हा कार्यकर्ता. १९८२ मध्ये मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिजला त्यांची कन्या आठवीत गेली, आणि तिच्या शाळेत आठवीला बीजगणितच नव्हते. मोझेस स्वतः वर्गात जाऊन तिला व तिच्या काही सोबत्यांना शिकवू लागले. त्यातून ‘अल्जिब्रा प्रोजेक्ट’ उभा राहिला. मताधिकार आणि बीजगणित त्यांनी एकाच पंक्तीत बसवले.

१९८३ मध्ये ‘राष्ट्र धोक्यात’ अशी हाक देणारा सरकारी अहवाल आला. त्यात नमूद होते की कोणत्याच दिशेला न नेणाऱ्या ‘सर्वसाधारण’ प्रवाहातील विद्यार्थ्यांचे प्रमाण १९६४ मधील १२ टक्क्यांवरून १९७९ मध्ये ४२ टक्क्यांवर गेले, आणि त्यांच्या क्रेडिटांपैकी चतुर्थांश व्यायाम, शाळेबाहेरील नोकरी, गृहस्थाश्रमाची तयारी अशा गोष्टींतून आलेली होती. नाणी खणखणीत, पण पुढच्या बाजारात न चालणारी. उपाय म्हणून इंग्रजीची चार वर्षे; गणित, विज्ञान, समाजशास्त्र प्रत्येकी तीन; संगणकाचे अर्धे वर्ष, असा किमान साचा सुचवला गेला. राज्याराज्यांनी पदवीच्या अटी वाढवल्या त्या येथून.

शेवटी लॉस एंजेलिस. १९६८ च्या मार्चमध्ये शहराच्या पूर्व भागातील मेक्सिकनवंशीय विद्यार्थी हजारोंच्या संख्येने वर्ग सोडून रस्त्यावर आले. शिक्षक साल कॅस्ट्रो त्यांच्यासोबत होते. मागण्या अनेक होत्या : आपला इतिहास शिकवा, आपली भाषा बोलणारे शिक्षक द्या. त्यांत एक तक्रार पुन्हा पुन्हा येत होती. आम्हाला कोणी महाविद्यालयाकडे नेणारे विषय घेऊ देत नाही. मुलांना कारखान्याची वाट दाखवतात, मुलींना शिवण आणि घरकामाची.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत प्रवेशासाठी आज पंधरा वार्षिक विषय लागतात, ‘ए’ ते ‘जी’ अशा सात गटांत : इतिहास दोन, इंग्रजी चार, गणित तीन, प्रयोगविज्ञान दोन, परकीय भाषा दोन, कला एक, ऐच्छिक एक. प्रत्येकात किमान ‘सी’ श्रेणी हवी. १९६८ च्या त्या पिढीची नातवंडे शोभावीत अशा वयाच्या मुलांनी आणि त्यांच्या पालकांनी पुन्हा मोहीम उघडली : हे पंधरा विषय मागेल त्याला नव्हे, सर्वांनाच द्या. जून २००५ मध्ये लॉस एंजेलिसच्या शालेय मंडळाने ठराव केला की २००८ मध्ये नववीत येणाऱ्या मुलांपासून हाच सर्वांचा अभ्यासक्रम राहील. पुढील टप्प्यात, २०१७ च्या तुकडीपासून, श्रेणीही विद्यापीठाला लागते तीच, ‘सी’, सक्तीची व्हायची होती. ती वेळ जवळ आली तेव्हा दिसले की फार मोठ्या संख्येने मुले पदवीलाच मुकतील. २०१५ मध्ये मंडळाने ‘डी’ श्रेणी चालेल असे ठरवले.

विद्यापीठाची अट मात्र ‘सी’चीच राहिली. पंधराही विषय पुरे करून, पदवीचा झगा घालून मंचावरून उतरलेल्या मुलाला एखाद्या ‘डी’मुळे विद्यापीठाचा अर्जच भरता येत नाही, असे आता घडू शकते. तो ‘डी’ पुष्कळदा नववीतल्या बीजगणिताचा असतो.